क्रेडिट कार्डावर मायनस बॅलन्स दिसतोय? आपलेच पैसे परत मिळवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टेटमेंट उघडावं आणि देय रकमेच्या आधी उणे चिन्ह दिसावं, की बऱ्याच जणांच्या पोटात आधी गोळा येतो. ही बातमी खरं तर वाईट नाही. पण 'राहू देत, पुढच्या बिलात वळते होतील' म्हणून आपण गप्प बसतो आणि बिनव्याजी पैसे महिनोन्‌महिने दुसऱ्याच्या गल्ल्यात राहतात. खालचे प्रश्न मला ओळखीतल्यांनी वेळोवेळी विचारलेले आहेत. काही मी स्वतःच कधीतरी कस्टमर केअरला विचारले होते, आणि उत्तर मिळायला तीन फोन लागले होते.

मायनस म्हणजे मी बँकेचं देणं लागतो, की बँक माझं?

बँक तुमचं. गोंधळ होतो तो बचत खात्याच्या सवयीमुळे. बचत खात्यात उणे म्हणजे खड्डा. क्रेडिट कार्डाचं खातं मात्र उधारीच्या वहीसारखं असतं: त्यात लिहिलेला आकडा म्हणजे तुमच्याकडून येणं बाकी. तो आकडा शून्याच्याही खाली गेला, तर येणं संपून देणं सुरू झालं, आणि ते देणं बँकेच्या माथ्यावर.

सगळ्याच बँका उणे चिन्ह लावत नाहीत. काही ठिकाणी रकमेपुढे बारीक अक्षरांत 'सीआर' लिहिलेलं असतं आणि ते नजरेतून सुटतं. 'सीआर' म्हणजे जमा, 'डीआर' म्हणजे नावे. दुसरी खूण अशी की वापरायला उपलब्ध असलेली मर्यादा तुमच्या मंजूर मर्यादेपेक्षा जास्त दिसते. मर्यादा १,००,००० आणि उपलब्ध १,१२,००० असेल, तर वरचे १२,००० तुमचे स्वतःचे आहेत.

मी तर बिलाएवढेच भरले होते. मग जास्तीचे आले कुठून?

नव्वद टक्के वेळा गुन्हेगार ऑटोपे (बिल खात्यातून आपोआप भरण्याची सोय) असतो, असं मी म्हणेन. (हा माझा अंदाज, कोणाचं सर्वेक्षण नाही.) समजा महिन्याच्या ३ तारखेला तुम्ही १२,०००ची वस्तू घेतली. १० तारखेला स्टेटमेंट आलं, एकूण देय २०,०००, त्यात हे १२,००० धरलेले. १५ तारखेला वस्तू परत केली. २४ तारखेला रिफंड कार्डावर जमा झाला. २८ तारखेला ऑटोपेने काय केलं? स्टेटमेंटवर छापलेले पूर्ण २०,००० खात्यातून उचलले. मधल्या रिफंडची त्याला एक तर खबर नसते, किंवा वसुलीची सूचना आधीच तुमच्या बँकेकडे गेलेली असते. मध्ये नवी खरेदी नसेल, तर आता कार्डावर उणे १२,०००.

बाकीची कारणं फुटकळ आहेत. ऑटोपे चालू असताना हातानेही बिल भरणं. रक्कम टाकताना एक शून्य जास्त पडणं. बिल भरून झाल्यावर वार्षिक फी किंवा चुकून लागलेला दंड माफ होणं. रद्द केलेल्या तिकिटाचे पैसे दोन-तीन महिन्यांनी येणं. खोट्या व्यवहाराची तक्रार तुमच्या बाजूने लागणं.

पैसे दिसल्या दिसल्या परत मागावेत का?

दर वेळी नाही. कार्ड रोज वापरत असाल आणि जमा रक्कम तुमच्या महिन्याच्या नेहमीच्या खर्चाहून कमी असेल, तर पुढच्या बिलात ती आपोआप वळती होते. त्यासाठी अर्ज-विनंत्या करण्यात अर्थ नाही.

रक्कम दोन महिन्यांच्या खर्चाहून मोठी असेल, कार्ड फारसं वापरात नसेल किंवा बंद करायचं असेल, तर मात्र मागा. आणि पैशाची खरंच नड असेल तर रक्कम कितीही असो, संकोच करू नका. कस्टमर केअरवरचा माणूस 'पुढच्या खरेदीत वापरा ना' असं गोड आवाजात सांगतो, तेव्हा आपणच काहीतरी अवाजवी मागतोय असं वाटायला लागतं. मलाही वाटलं होतं. पण पैसे तुमचे आहेत, आणि ते खरेदीतच घालवा असं सांगण्याचा हक्क कोणालाही नाही.

एका बाबतीत मात्र थांबा. एखाद्या व्यवहारावर तुम्ही वाद घातला असेल, तर चौकशी चालू असताना बँक पुष्कळदा ती रक्कम तात्पुरती जमा करते. निकाल दुकानदाराच्या बाजूने लागला तर ती परत नावे पडते. हे तात्पुरते पैसे काढून घेतले आणि पुढे उलटले, तर कार्डावर अचानक देणं उभं राहील. स्टेटमेंटवर 'तात्पुरती जमा' अशा अर्थाची नोंद असेल, तर निकाल लागेपर्यंत हात लावू नका.

मागणी करण्याआधी आणखी एक पाहून घ्या: अजून पक्के न झालेले व्यवहार. हॉटेलची अनामत, पेट्रोल पंपावर अडकवलेली रक्कम, कालची खरेदी. हे सगळं दोन-तीन दिवसांनी पक्कं होतं. सगळी जमा काढून घेतली आणि मागून हे आलं, तर पुन्हा बिल.

पडून राहिलेल्या पैशांवर व्याज मिळतं का?

नाही. तुम्ही उशीर केला तर बँक दिवस मोजून व्याज लावते. उलट दिशेला मात्र ती वही कोरी असते.

रिफंड आलाय. म्हणजे या महिन्याचं बिल भरलं नाही तरी चालेल ना?

इथे पुष्कळ जण फसतात. रिफंड म्हणजे तुम्ही भरलेला हप्ता नव्हे, असं अनेक देशांतल्या अनेक बँका धरतात. स्टेटमेंटवर मिनिमम ड्यू (निदान भरायलाच हवी अशी रक्कम) छापलेला असेल, तर रिफंड कितीही मोठा असला तरी तो मिनिमम ड्यू तुमच्याकडून वेगळा यायलाच हवा, असा त्यांचा हिशेब. तो चुकला की उशिराचा दंड.

भारतात नियम ग्राहकाच्या बाजूचा आहे. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी क्रेडिट आणि डेबिट कार्डांबद्दल एकत्रित निर्देश काढले, आणि १ जुलै २०२२ पासून ते लागू झाले. त्यांत म्हटलंय की ड्यू डेटच्या (बिल भरण्याच्या शेवटच्या तारखेच्या) आधी, बिल भरलेलं नसताना, रिफंड, फसलेला किंवा उलटवलेला व्यवहार यातून रक्कम जमा झाली, तर ती ताबडतोब देय रकमेतून वजा करायची आणि कार्डधारकाला तसं कळवायचं.

तरीही माझा सल्ला असा: रिफंड 'आलाय' म्हणजे कार्डाच्या खात्यात नोंद झालीय, की दुकानदाराने फक्त 'पाठवलाय' म्हटलंय, हे आधी नीट बघा. मधल्या चार-पाच दिवसांतच ड्यू डेट येऊन जाते. शंका असेल तर निदान मिनिमम ड्यू भरून टाका. जास्तीचे पैसे परत मागता येतात. उशिराचा दंड माफ करून घेणं त्याहून कटकटीचं.

ठीक आहे, परत मागायचे ठरवले. सुरुवात कुठून करू?

आधी बँकेचं ॲप किंवा नेट बँकिंग बघा. क्रेडिट कार्डाच्या विभागात, सेवा-विनंत्यांच्या यादीत, 'क्रेडिट बॅलन्स रिफंड' अशा नावाचा पर्याय पुष्कळ बँका देतात. तो सापडला तर सोन्याहून पिवळं: खातं निवडा, रक्कम टाका, विनंती क्रमांक जपून ठेवा.

नसेल, तर फोन करा. क्रमांक कार्डाच्या पाठीवरचा. फोनवर शब्द नेमका वापरा. नुसतं 'रिफंड हवाय' म्हटलं की समोरच्याला वाटतं, तुम्ही दुकानदाराकडून येणाऱ्या पैशांबद्दल बोलताय, आणि तो तुम्हाला दुकानदाराकडे धाडतो. माझे दोन फोन याच घोळात गेले. 'माझ्या कार्ड खात्यात जमा शिल्लक आहे, ती माझ्या बचत खात्यात वळती करा', हे वाक्य टाकल्यावर तिसऱ्या फोनला काम पाच मिनिटांत झालं.

फोन झाला तरी त्याच दिवशी ईमेल टाका. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण कायद्याने ठरवून दिलेले दिवस मोजायचे कुठून, हे त्या ईमेलच्या तारखेवर ठरतं. फोनवर काय बोलणं झालं ते नंतर तुम्ही सिद्ध करू शकत नाही.

पैसे कार्डधारकाच्याच नावावरच्या खात्यात जातात. त्याच बँकेत तुमचं बचत खातं असेल तर बहुतेक काही कागद लागत नाही. दुसऱ्या बँकेचं खातं द्यायचं असेल तर रद्द केलेला चेक किंवा पासबुकाचं पहिलं पान मागतात. त्यावर नाव छापलेलं असावं, आणि ते कार्डावरच्या नावाशी जुळावं. लग्नानंतर बदललेलं आडनाव, आद्याक्षरं आणि पूर्ण नाव यांतला फरक, असल्या बारीक गोष्टींवर विनंत्या परत येतात.

ईमेलमध्ये लिहू काय?

चार ओळी पुरे. कार्डाचा पूर्ण क्रमांक कधीही लिहू नका, शेवटचे चार अंक बस्स.

'माझ्या क्रेडिट कार्ड खात्यात (शेवटचे चार अंक अमुक) तमुक तारखेच्या स्टेटमेंटप्रमाणे इतकी जमा शिल्लक आहे. ही रक्कम पुढील बिलात वळती करण्यास माझी संमती नाही. ती पूर्ण रक्कम माझ्या खालील बचत खात्यात जमा करावी. या विनंतीचा क्रमांक आणि रक्कम जमा होण्याची तारीख कळवावी.'

खाली खात्याचा क्रमांक, भारतात असाल तर आयएफएससी कोड, आणि स्टेटमेंटचं ते पान. 'कृपया सहकार्य करावे ही नम्र विनंती' वगैरे हवं तर घाला, पण 'संमती नाही' हे वाक्य गाळू नका. ते का, ते पुढच्या दोन प्रश्नांत येईल.

किती दिवसांत मिळायला हवेत?

कार्ड कुठल्या देशातल्या बँकेने दिलंय, त्यावर आहे.

भारतात: तुम्ही मागणी केल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत. २०२२च्या त्याच निर्देशांत हे स्पष्ट लिहिलंय, आणि त्याला रकमेची अट नाही. दोनशे रुपये असोत की दोन लाख, कार्डधारकाने मागितले की तीन कामकाजाच्या दिवसांत बँक खात्यात वळते करायचे. 'सात ते दहा दिवस लागतील' असं सांगणाऱ्याला शांतपणे या नियमाची आठवण करून द्या. बहुतेकदा तेवढ्यानेच चक्रं फिरतात.

अमेरिकेत: तिथला कर्जव्यवहारांच्या पारदर्शकतेचा कायदा १९६८चा आहे, आणि त्याखालच्या 'रेग्युलेशन झी'मध्ये जमा शिल्लकीसाठी वेगळं कलमच आहे. शिल्लक एका डॉलरहून जास्त असेल आणि तुम्ही लेखी मागणी केली, तर ती मिळाल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत पैसे परत करायचे. 'लेखी' हा शब्द तिथे फार महत्त्वाचा. फोनवरच्या विनंतीवरही बऱ्याच कंपन्या चेक पाठवतात, पण सात दिवसांचा कायदेशीर काटा सुरू होतो तो लेखी मागणीपासून. तुम्ही काहीच मागितलं नाही आणि पैसे सहा महिन्यांहून जास्त पडून राहिले, तर ते तुमच्यापर्यंत पोचवण्याचा प्रामाणिक प्रयत्न कंपनीने स्वतः करायचा असतो. मुलगा-सून तिकडे होते, ते परत आले आणि तिकडचं कार्ड तसंच राहिलं, अशा घरांनी हे लक्षात ठेवावं. पत्ता बदलला आणि कंपनीला माग लागला नाही, तर तिची ती जबाबदारी तिथेच थांबते.

इतर देशांत आपापले नियम. कार्डाच्या करारपत्रात 'जमा शिल्लक' या मथळ्याखाली एखादा परिच्छेद हमखास असतो. तो वाचायला दोन मिनिटं लागतात.

बँकेकडून मेसेज आला: 'तुमची जमा रक्कम कार्डाच्या मर्यादेत समायोजित करण्यास संमती द्या.' हे काय प्रकरण आहे?

हा भारतातला नियम आहे आणि फार कमी लोकांना ठाऊक आहे. बिल आधीच भरून झालंय आणि मग रिफंड किंवा उलटवलेल्या व्यवहाराचे पैसे आले. अशी रक्कम ठरावीक मर्यादेपेक्षा मोठी असेल, तर ती कार्डातच ठेवून घेण्यासाठी बँकेला तुमची स्पष्ट संमती घ्यावी लागते. ती मर्यादा म्हणजे तुमच्या क्रेडिट लिमिटचा १ टक्का किंवा ५,००० रुपये, यातलं जे कमी असेल ते. लिमिट दोन लाखांची असेल तर २,००० रुपये. आठ लाखांची असेल तर १ टक्का ८,००० होतो, म्हणून ५,०००.

संमती ईमेल किंवा एसएमएसने, रक्कम जमा झाल्यापासून सात दिवसांच्या आत घ्यायची. आणि गंमत पुढे आहे. तुम्ही उत्तरच दिलं नाही, तर बँकेने ते पैसे तुमच्या बँक खात्यात परत पाठवायचे. मौन म्हणजे संमती नव्हे, मौन म्हणजे नकार. म्हणून घाईघाईत 'हो' दाबू नका. पैसे खात्यात हवे असतील तर 'नाही' म्हणा किंवा काहीच म्हणू नका.

हे लागू होतं रिफंड आणि तत्सम जमा रकमांना. तुम्ही स्वतःच चुकून जास्त भरले असतील तर असा मेसेज येईलच असं नाही. मग मागणी तुम्हीच करायची.

'आमच्या पॉलिसीत बसत नाही' असं उत्तर मिळालं. आता?

विचारा, 'हे मला ईमेलवर लिहून द्याल का?' बरीचशी 'पॉलिसी' इथेच विरघळते.

तरीही अडून बसले, तर तक्रार म्हणून नोंदवा, नुसती विनंती म्हणून नव्हे. तक्रार क्रमांक घ्या. मग बँकेच्या संकेतस्थळावर तक्रार निवारणाच्या पायऱ्या दिलेल्या असतात, त्यांतल्या वरच्या अधिकाऱ्याकडे जा. भारतात बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. नोव्हेंबर २०२१ पासून देशभर एकच एकात्मिक योजना आहे, म्हणजे कुठल्या शहरातल्या लोकपालाकडे जायचं हा जुना गोंधळ संपला. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार-पोर्टलवर ऑनलाइन होते, फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी रिझर्व्ह बँकेचा १४४४८ हा टोल-फ्री क्रमांक आहे. अमेरिकेत हेच काम ग्राहक वित्त संरक्षण विभाग, म्हणजे सीएफपीबी, करतो. ब्रिटनमध्ये कंपनीला अंतिम उत्तरासाठी आठ आठवडे मिळतात, त्यानंतर फायनान्शियल ओम्बड्समन.

तक्रारीला सोबत काय जोडणार? तुमचा तो पहिला ईमेल. म्हणून तर म्हटलं, फोननंतर लगेच लिहा.

एवढं कशाला, एटीएममधून काढून घेतो ना?

नका. पैसे तुमचे असले तरी क्रेडिट कार्डाने रोख काढली की यंत्रणेच्या दृष्टीने ती उचल असते, आणि उचलीचं शुल्क लागतं. आपलेच पैसे काढायला फी भरण्यासारखं दुसरं दुःख नाही.

मायनस बॅलन्समुळे क्रेडिट स्कोअर वाढतो का? की बिघडतो?

दोन्ही नाही. स्कोअरच्या दृष्टीने तुमची उधारी शून्य. शून्याच्या खाली गेल्याबद्दल वेगळं बक्षीस मिळत नाही.

मग मोठ्या खरेदीआधी मुद्दाम जास्त भरून लिमिट वाढवली तर?

तांत्रिकदृष्ट्या अनेक कार्डांवर हे चालतं, पण सवय म्हणून वाईट. नेहमीपेक्षा फार मोठी रक्कम अचानक कार्डावर आली की बँकेच्या फसवणूक-तपासणी यंत्रणेचे कान टवकारतात. चोरीच्या पैशाने कार्ड भरायचं आणि मग जमा शिल्लक दुसरीकडे वळवायची, हा भामट्यांचा जुना मार्ग आहे. तुम्ही साव असलात तरी खातं चार दिवस गोठू शकतं, आणि ती खरेदी राहते बाजूला. लिमिट वाढवून मागा, नाहीतर अर्धे पैसे दुसऱ्या मार्गाने द्या.

ईएमआयवर घेतलेली वस्तू परत केली. पूर्ण रिफंड आला, पण हप्ते चालूच आहेत!

सगळ्यात डोकं फिरवणारा प्रकार हाच. ईएमआय करताना नेमकं काय होतं ते पाहा. खरेदीची रक्कम बँक तुमच्या चालू बिलातून काढून एका वेगळ्या कर्जाच्या खणात ठेवते आणि तिथून दर महिन्याला एक-एक तुकडा बिलात टाकते. दुकानदाराचा रिफंड मात्र येतो तो कार्डाच्या मुख्य खात्यात. तो खण आणि हे खातं एकमेकांशी आपणहून बोलतीलच असं नाही. म्हणजे एकीकडे उणे ३०,००० दिसतात आणि दुसरीकडे दरमहा हप्ता पडतोच आहे.

अशा वेळी जमा शिल्लक परत मागण्याची घाई केली, तर पैसे खात्यात येतील पण कर्ज व्याजासकट तसंच राहील. आधी ईएमआय रद्द करून घ्या. बँकेला सांगा की अमुक व्यवहाराचा पूर्ण रिफंड आलाय, त्यावरचा ईएमआय त्या रिफंडपोटी बंद करा. उरलेलं मुद्दल मुख्य खात्यात एकदम नावे पडेल आणि जमा रकमेशी फिटेल. मध्ये गेलेले व्याजाचे तुकडे, त्यावरचा कर आणि प्रक्रिया शुल्क बहुधा परत मिळत नाही. 'नो-कॉस्ट' ईएमआय असेल तर व्याजाएवढी सूट खरेदीच्या वेळी दिलेली असते, त्यामुळे रिफंड छापील किमतीपेक्षा कमी आलेला दिसेल. तो चुकीचा असेलच असं नाही, बिल समोर ठेवून ताळा करा.

ईएमआय बंद झाल्याचं लेखी आलं, पुढच्या स्टेटमेंटमध्ये हप्ता दिसला नाही, की मगच उरलेली जमा मागा.

परदेशी चलनातल्या खरेदीचा रिफंड आला, पण हिशेब जुळत नाही. थोडे जास्त आलेत, कधी थोडे कमी.

खरेदीच्या दिवशीचा दर वेगळा, रिफंडच्या दिवशीचा वेगळा. त्यातून जास्तीचे आले तर ते तुमचेच, कमी आले तर तोटाही तुमचाच. शिवाय परकीय चलनाच्या व्यवहारावर लागलेलं जादा शुल्क बँक परत करेलच असं नाही. हा फरक घेऊन भांडायला जाऊ नका, त्यात हाती काही लागत नाही.

दुकानदार म्हणतो रिफंड केला, बँक म्हणते आलाच नाही. मग मायनस कुठून दिसणार?

दुकानदाराकडे एआरएन क्रमांक मागा. कार्डाच्या प्रत्येक रिफंडला असा २३ अंकी संदर्भ क्रमांक मिळतो, आणि त्यावरून बँक तो व्यवहार हुडकू शकते. 'केला हो साहेब' असं म्हणणारा पण एआरएन न देणारा दुकानदार असेल, तर त्याने अजून काही केलेलं नाही असं खुशाल समजा.

कार्ड बंद केलंय आणि आता रिफंड येणार आहे. पैसे हवेत जातील का?

जात नाहीत, पण वाट वाकडी होते. कार्ड हरवून नवं आलं असेल तर काळजीच नाही. मागचं खातं तेच राहतं, जुन्या क्रमांकावर आलेला रिफंड साधारणपणे नव्यावर दिसतो. खातंच बंद केलं असेल, तर रिफंड एक तर दुकानदाराकडे परत जातो किंवा बँकेकडे पडून राहतो. दुसऱ्या बाबतीत एआरएन घेऊन बँकेला लिहा आणि खातं क्रमांक द्या.

भारतातल्या निर्देशांप्रमाणे कार्ड खातं बंद झाल्यावर त्यातली जमा शिल्लक बँकेने कार्डधारकाच्या बँक खात्यात वळती करायची असते. खात्याचा तपशील तिच्याकडे नसेल तर तिनेच तो मागवून घ्यायचा. बंद करण्याची विनंती केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं. येणं बाकी नसतानाही उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपयांप्रमाणे भरपाई ग्राहकाला द्यावी लागते. म्हणून क्रम असा ठेवा: येणारे रिफंड येऊ द्या, जमा शिल्लक काढून घ्या, ऑटोपे रद्द करा, आणि मग कार्ड बंद करा. उलट्या क्रमानेही होतं, पण दुप्पट फोन करावे लागतात.

माझ्या कार्डावर कोणीतरी अनोळखी माणसाने चुकून पैसे भरलेत. तो फोन करून परत मागतोय.

तुम्ही स्वतः एक पैसाही पाठवू नका. तो खरंच एक अंक चुकलेला भला माणूस असू शकतो. पण चोरलेल्या खात्यातून तुमचं कार्ड भरून तुमच्याकडून स्वच्छ पैसे उकळणाराही असू शकतो. मग मूळ भरणा बँकेने उलटवला की तुमचे पाठवलेले पैसे गेले ते गेलेच. त्याला सांगा, 'तुमच्या बँकेकडे चुकीच्या भरण्याची तक्रार करा.' आणि तुम्ही आपल्या बँकेला लेखी कळवून ठेवा. ते पैसे खर्चूही नका.

'तुमच्या कार्डाची जमा शिल्लक परत करतोय, ओटीपी सांगा' असा फोन आला.

ठेवून द्या. जमा शिल्लक खात्यात घालायला बँकेला तुमच्याकडून फोनवर ओटीपी, सीव्हीव्ही किंवा पिन लागत नाही. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिनही कधीच टाकावा लागत नाही, तो लागतो देताना. मोबाइलची स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायला सांगितलं तर तो भामटाच. आणि कस्टमर केअरचा क्रमांक गूगलवर शोधू नका. वर आलेला पहिला क्रमांक कोणाचा असेल सांगता येत नाही, कार्डाच्या पाठीवरचा मात्र बँकेचाच असतो.

परत आलेल्या रकमेवर कर लागतो का?

नाही. तुमचेच पैसे तुमच्याकडे आले, ते उत्पन्न नव्हे.

पत्नीच्या ॲड-ऑन कार्डावरचा रिफंड तिच्या खात्यात मागता येईल?

साधारणपणे नाही. ॲड-ऑन कार्डाचं वेगळं खातं नसतं. सगळं मुख्य कार्डधारकाच्या खात्यात जमतं आणि परतही त्याच्याच नावावर जातं. पुढे ते घरात कोणाकडे वळवायचं, तो तुमचा प्रश्न.

वडील वारले. त्यांच्या कार्डावर जमा शिल्लक दिसतेय.

ती वारसांची आहे. कार्ड वापरणं त्या दिवसापासून थांबवा. शिल्लक आहे म्हणून त्यातून खरेदी करणं हा 'पैसे वसूल' करण्याचा मार्ग नव्हे, त्याने उलट अडचण होते. मृत्यूचा दाखला घेऊन बँकेला लेखी कळवा, खातं बंद करायला सांगा आणि शिल्लकीच्या दाव्यासाठी कोणते कागद लागतील ते विचारा. रक्कम लहान असेल तर साध्या प्रतिज्ञापत्रावर भागतं, मोठी असेल तर वारसाचे कागद मागतात. बचत खात्याचा दावा करत असाल तर त्याच फाइलीत हाही जोडा. नाहीतर लोक बचत खातं, ठेवी, लॉकर सगळं मार्गी लावतात आणि कार्डावरचे पैसे तेवढे राहून जातात, कारण कार्ड म्हणजे देणं अशीच आपली समजूत असते. आणि त्यांच्या कार्डावर चालणारी वर्गणी, विम्याचा हप्ता, मोबाइलचं बिल यांची यादी आधी काढा. ते चालू राहिले तर दावा मंजूर होईपर्यंत शिल्लक त्यातच झिरपून जाईल.